ओल आली की फासा सिमेंट!

साडेसातशे वर्षांच्या भिंतीला ओल आली, की पहिली हाक सिमेंटच्या पोत्याला! कैरोतल्या कबरींनाही हाच उपाय. डोकं फिरतं.

शजर अल-दुर्र १२५० साली इजिप्तच्या गादीवर बसली. नवऱ्याची कबर तिने त्याच्याच मदरशाला लागून बांधली. स्वतःसाठी अल-खलिफा रस्त्यावर मदरसा, हमाम, वाडा, बाग आणि कबर उभारली. त्यातली घुमटाची कबर तेवढी उरलीय. मेहराबीत, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यात, सोनेरी काचतुकड्यांवर काढलेलं झाड, फळं शिंपल्याची.

आता रस्ता वर चढला आणि कबर खाली गेली. आजूबाजूच्या फुटक्या नळांचं, गटारांचं पाणी कुठे जाणार? भिंतीच्या पायात. विटा ते वर ओढतात, पृष्ठभागाशी पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात. त्यांचे खडे फुगले की गिलाव्याचे पोपडे सुटतात. हाच लोणा. सिमेंट थापलं की भिंतीचा श्वास बंद, मग ओल आणखी वर सरकते आणि थेट नक्षीत शिरते. वर सिमेंटचे स्वतःचे क्षार फुकट! तीन वर्षांनी पुन्हा पोपडे, पुन्हा निविदा. ठेकेदार खूश.

अहो, आधी गळती बंद करा! शेजारच्या फातिमा खातूनच्या कबरीतलं पाणी उपसून बागेला दिलं ना? मग जमतं की! त्यानंतर सिमेंट छिन्नीने हळूहळू काढा. भिंत वाळू द्या. महिन्याला २५ मिमी हा ढोबळ हिशेब, म्हणजे मीटरभर जाडीची भिंत दोन्हीकडून वाळायला वीसेक महिने. पण उद्घाटनाची तारीख आधीच ठरलेली असते! लोणा कोरड्या ब्रशने झाडा. ओलं फडकं फिरवलंत तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. साध्या विटांवर कागदाच्या लगद्याचा लेप ऊर्ध्वपातित पाण्यात कालवून २ सेंमी जाड लावा, वाळताना तो क्षार ओढून घेतो, वाळला की सोलून काढा, पुन्हा लावा. जिप्समच्या नक्षीवर तो लेप चुकूनही नको, नक्षीच विरघळेल.

शेवटी गिलाव्याला मुरवलेला चुना १ भाग, धुतलेली वाळू ३ भाग. एका हातात १० मिमीहून जाड थर नको, आणि काही दिवस ओलं गोणपाट झाकून ठेवा. खारी वाळू आणलीत तर सगळी मेहनत पाण्यात.

आणि तो ड्रिल मेहराबीच्या भिंतीला लावू नका. हादऱ्याने काचतुकडे निखळतात, ते परत कोण बसवणार?