सातारकरांना उत्तर: एमडी, मेथ आणि ‘दोन गोळ्या घाला’

सातारकर, नमस्कार.

कुरकुंभच्या अमली पदार्थांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कळलं, एका मुद्द्यावर तुम्ही मला बरोब्बर पकडलंय. तेव्हा आधी चूक कबूल करतो.

तुम्ही लिहिलंत, ‘कुरकुंभला फेब्रुवारी 2024 मध्ये सापडलं ते एमडी. तुम्ही लेखभर मेथच्या गोष्टी सांगताय. स्वतःला केमिस्ट म्हणवता आणि एवढंही कळत नाही?’ मान्य. पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभला पोलिसांनी पकडलं ते एमडीच. एमडी म्हणजे मेफेड्रोन आणि मेथ म्हणजे मेथॅम्फेटामाइन, दोन्ही नशेची रसायनं. एकाच घराण्यातली चुलत भावंडं, पण वेगळी. मेफेड्रोनची धुंदी दोन-चार तासांत उतरते, म्हणून घेणारा रात्रभर पुन्हा पुन्हा घेत राहतो. मेथ अंगातून निम्मं कमी व्हायलाच दहा-बारा तास लागतात. घेणाऱ्याच्या डोळ्याला दोन-दोन, तीन-तीन रात्री डोळा लागत नाही. तीस वर्षं एमआयडीसीत बॅचशीटवर (उत्पादनाच्या नोंदपत्रावर) सह्या केलेल्या माणसाने हा घोळ घालायला नको होता.

पण त्याच दमात तुम्ही म्हणता, मेथ हे अमेरिकेचं नाहीतर म्यानमारचं दुखणं, आपला काय संबंध? एप्रिल 2016 आठवा. ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतून 18 टनांहून जास्त इफेड्रीन जप्त केलं होतं. इफेड्रीन दम्याच्या, सर्दीच्या औषधात वापरतात, ते बनवायला रीतसर परवानाही मिळतो, आणि तोच मेथचा कच्चा माल. आमच्या धंद्यात किलोभर माल कमी भरला तरी सुपरवायझर शिफ्ट संपल्यावर थांबवून हिशेब मागायचा. ती बातमी वाचून रिटायर झालेले आम्ही चार जण कट्ट्यावर गप्प बसलो होतो. आणि म्यानमार म्हणाल, तर नोव्हेंबर 2024 मध्ये अंदमानच्या समुद्रात तटरक्षक दलाने पकडलेल्या तिथल्या मासेमारी बोटीवर साडेपाच टनांच्या आसपास मेथ होतं.

आता तुमचा खरा मुद्दा. ‘नशेडींचे लाड बंद करा. फिलिपिन्सने केलं तसं करा, दोन गोळ्या घाला, सहा महिन्यांत देश साफ.’

उदाहरण तुम्हीच निवडलंत म्हणून सांगतो. तिथे मेथला शाबू म्हणतात. रॉड्रिगो दुतेर्ते 2016 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले ते तीन ते सहा महिन्यांत शाबू संपवतो असं सांगून. त्याच सप्टेंबरमध्ये त्यांनी आणखी सहा महिने मागून घेतले. मग वर्षं गेली. पोलिस कारवाईत मेलेल्यांचा सरकारी आकडाच 6,000 च्या वर आहे आणि मानवी हक्कवाल्यांचा त्याच्या कितीतरी पट. ऑगस्ट 2017 मध्ये मनिलाजवळ एका 17 वर्षांच्या शाळकरी मुलाला मारलं. त्याने पोलिसांवर गोळी झाडली असं आधी सांगितलं गेलं. पण पोलिस त्याला धरून नेत असल्याचं सीसीटीव्हीत दिसलं आणि पुढच्या वर्षी तिघा पोलिसांना शिक्षा झाली. दुतेर्ते यांनाही मार्च 2025 मध्ये अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात नेलं. शाबू मात्र तिथे आजही मिळतं. झोपडपट्टीतली सायकलरिक्षावाली, हमाली करणारी माणसं मेली, कारण बंदुकीच्या टप्प्यात तीच होती.

कडक कायद्याने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर मेथची लाट आली, 1951 मध्ये कायदा झाला, पुढे तो आणखी कडक केला आणि लाट ओसरली. हा मुद्दा तुमच्या बाजूचा, मीच देतो. 1970 च्या दशकात ती पुन्हा आली, तेवढं जोडून घ्या.

आपल्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यालाही विकणारा आणि घेणारा यांतला फरक कळतो. मेथ 2 ग्रॅमपर्यंत ‘अल्प’ आणि 50 ग्रॅमच्या वर ‘व्यावसायिक’ प्रमाण, आणि तिथे कमीत कमी दहा वर्षं. ती शिक्षा द्या की, कोण अडवतंय! पण त्याच कायद्यात 64 अ कलम आहे. थोडक्या मालासह सापडलेला व्यसनी आपण होऊन सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. याला लाड म्हणत असाल तर म्हणा.

आमच्या कॉलनीतली गोष्ट सांगतो, ओळख पटू नये म्हणून थोडी फिरवून. पोरगा हुशार, नोकरीला लागलेला. आधी रात्र रात्र जागायला लागला. मग खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, ‘समोरच्या टेरेसवरून माझ्यावर नजर ठेवतायत’ म्हणाला. अंगावर किडे फिरतात म्हणून दंड ओरबाडून काढले. एकदा बापावर पाना उचलला. आईने काय केलं? देवऋषी गाठला. लिंबू उतरवले, अंगारा लावला, एका अमावास्येला कोंबडंसुद्धा दिलं. चार महिने त्यात गेले. मेथसारख्या नशेने असा भ्रम होतो, नशा थांबल्यावर बहुतेकांचा काही दिवसांत किंवा आठवड्यांत निवळतो आणि काहींचा राहतोही, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी डॉक्टरकडे न्यायचं ठरलं, तेव्हा माऊलीने मला विचारलं, ‘भाऊ, पोलिसांना कळवतील का हो?’ पोरगा बरा होईल का, हे तिने नंतर विचारलं.

त्या भीतीत चार महिने गेले, सातारकर. तुमच्यासारख्या प्रतिक्रिया तीही वाचत असणार.

आणि वेळ वाया जाणं इथे फार महागात पडतं. गर्दच्या (हेरॉइनच्या) व्यसनात ब्युप्रेनॉर्फिनसारखी गोळी देऊन माणसाला सावरता येतं. मेथवर अजून तशी मान्यता मिळालेली गोळी नाही. पहिले काही दिवस तो नुसता झोपतो आणि खातो, घरच्यांना वाटतं सुटला. त्यानंतर जी उदासी येते त्यात जीव द्यायचे विचार येतात, तेव्हा त्याला एकटं सोडायचं नसतं. पुढे समुपदेशन, नशेविना काढलेल्या प्रत्येक आठवड्याला काहीतरी छोटं बक्षीस, घरच्यांची चिकाटी. मेंदूची झीज काही अंशी भरून येते, पण त्याला वर्ष-दीड वर्षही लागतं. हा मुलगा दोनदा घसरला. सध्या मामाच्या दुकानात बसतो.

लेखात जिथे जिथे कुरकुंभच्या मालाला मेथ म्हटलं होतं तिथे ‘मेफेड्रोन’ केलंय आणि खाली तुमच्या नावाने दुरुस्तीची नोंद टाकलीय. तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, फक्त त्यातली शिवी काढलीय. कुणाच्या घरी हे चालू असेल तर केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, 14446.