'कैसर' व्याह्याकडून आला नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

राणी व्हिक्टोरियाच्या 'कैसर-ए-हिंद' (हिंदुस्थानची सम्राज्ञी) या किताबावरच्या माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा मुद्द्यासाठी, एकदा 'जरा अभ्यास करून लिहीत जा' या वाक्यासाठी. दुसऱ्याला अडाणी ठरवून सुरुवात केली की पुढचं सगळं सिद्धच झालं, असं आपल्याला वाटतं का? असो.

आधी चूक कबूल. किताबाचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने 1876 मध्ये केला, मी 1877 लिहिलं. 1 जानेवारी 1877 ही दिल्ली दरबारातल्या घोषणेची तारीख. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता आपलं लाडकं वाक्य: "कैसर-ए-हिंदमधला कैसर हा जर्मन शब्द, राणीने जावयाकडून उसना घेतला." पहिली गोष्ट, 1876 साली जर्मनीचा सम्राट पहिला विल्हेल्म होता. राणीची थोरली लेक त्याची सून. म्हणजे तो राणीचा व्याही, जावई नव्हे. जावई तेव्हा युवराज होता. लेक उद्या सम्राज्ञी होणार आणि आपण नुसत्या राणी, ही सल होती, हे मीही लेखात लिहिलंय. तो भाग आपण बहुधा गाळला. पण सल जर्मनीमुळे होती म्हणून शब्दही जर्मन ठरत नाही.

आपली गल्लत मराठी लेखनामुळे होते. आपण दोन्हींना 'कैसर'च लिहितो. जर्मन उच्चार 'कायझर'. किताबातला शब्द उर्दूत काफ, ये, साद, रे या अक्षरांनी लिहितात, घशातल्या काफने. मूळ दोन्हींचं एकच, रोमचा सीझर. पण हा शब्द ग्रीकमार्गे अरबी-फारसीत कधीच रुळला होता. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर उस्मानी (ऑटोमन) सुलतान दुसऱ्या मेहमेदने स्वतःला 'कैसर-ए-रूम' म्हणजे रोमचा कैसर म्हणवून घेतलं, तेव्हा आपला तो 1871 चा जर्मन कैसर कुठे होता?

लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्राचार्य लाइटनर यांनी हाच शब्द सुचवला. 'पादशाह', 'शहेनशाह' म्हटलं की मुघल आठवतात. हा शब्द ओळखीचा, पण इथे कुणी वापरून उष्टा केलेला नाही. शिवाय फारसीत लिंगभेद नाही, त्यामुळे राणीलाही चालला आणि पुढे राजांनाही. इंग्रजीत मात्र एम्प्रेसचा एम्परर करावा लागला.

"नाण्यांचा भाग निरर्थक" यावर काय बोलणार! वीस वर्षं राणीच्या काळातले रुपये हाताळतोय, एवढंच सांगतो. शिवाय आपण पुरावा म्हणून पुढे केलंय तेही नाणंच: 1876 चा 'एम्प्रेस' रुपया. चलनातल्या 1876 च्या रुपयावर 'व्हिक्टोरिया क्वीन' असतं. 'एम्प्रेस' 1877 पासून. (साल बघतानाही जपून. 1862 लिहिलेले रुपये पुढे बरीच वर्षं त्याच सालाने पडत राहिले.) खुद्द ब्रिटनच्या नाण्यांवर तर हा किताब 1893 मध्ये उमटला आणि 1948 नंतर गेला.

तेव्हा आपला रुपया सोनाराच्या काट्यावर ठेवा. 11.66 ग्रॅम हवेत. झिजलेला असेल तर थोडे कमी. मग कड भिंगाखाली फिरवून पाहा. दाते एकसारखे नसतील आणि मधोमध सांध्याची रेघ दिसली, तर तो टाकसाळीत पडलेला नाही, साच्यात ओतलेला आहे. आणि सालातला शेवटचा आकडा खरवडलेला नाही ना, तेही बघून घ्या.