वीस रुपयांचा चकवा

मुंजा, हडळ, वाट चुकवणारा चकवा अशा भुतांची ‘पिंपळाचं बिऱ्हाड’ ही माझी चित्रमालिका. तिच्या छापील प्रती मी कशा विकते, याबद्दल मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली एक निनावी प्रतिक्रिया आली आहे. उत्तर चौकटीत मावेना, म्हणून इथे वेगळं लिहिते. प्रतिक्रिया जशीच्या तशी:

“ताई, राग मानू नका, पण हेच चकव्याचं चित्र डाउनलोड करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत काढलं तर वीस रुपयांत होतं, तुम्ही साडेसहाशे घेता. वर टपालखर्च वेगळा, तो लेखात कुठे लिहिलेलाच नाही. ‘फक्त ५० प्रती’ म्हणता आणि तेच चित्र पोस्टकार्डावरही विकता, मग मर्यादित काय राहिलं? मुंजा, हडळ यांची कार्टून्स करून पैसे कमावणंही पटत नाही. हल्ली असली चित्रं कॉम्प्युटर मिनिटात काढून देतो. असो, छंद म्हणून छान आहे, चालू ठेवा!!”

आधी ‘राग मानू नका’बद्दल. हे तीन शब्द सुरुवातीला टाकले की पुढे काहीही लिहायचा परवाना मिळतो, अशी घटनादुरुस्ती कधी झाली मला माहीत नाही. ‘ताई’ म्हणून पाठीवर हात ठेवायचा आणि ‘छंद म्हणून छान’ म्हणत त्याच हाताने ढकलायचं. सुताराने केलेल्या खुर्चीवर बसून ‘छंद म्हणून बरी झाली आहे’ असं कुणी म्हणत नाही. उपयोजित कलेची पदवी आणि त्यानंतर नऊ वर्षं याच कामावर चाललेलं घर, याला छंद म्हणायचं असेल तर म्हणा, शब्दकोश तुमचा. दोन उद्गारचिन्हं मी माफ केली आहेत.

आता तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करून टाकते. टपालखर्च वेगळा, हे लेखात राहून गेलं होतं. चूक माझी. पण एक ठरावीक आकडा लिहिता येत नाही, त्याला कारण आहे. नोंदणी टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आणि पूर्वीचा वेगळा पर्याय गेला. परदेशातल्या मराठी गिऱ्हाइकांचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस अमेरिकेने छोट्या पार्सलांची करमाफी काढून घेतली, आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं थांबवली, ती ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा सुरू झाली. तेवढ्या काळात न्यू जर्सीला काय खर्च येईल, या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं. तरी ओळ हवी होती. घातली आहे.

आता वीस रुपये.

‘डाउनलोड करून’ म्हणता, तेव्हा तुमच्या हाती नेमकं काय येतं? मी इंटरनेटवर टाकते ते चित्र १०८० पिक्सेल रुंद असतं. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिलिमीटर, म्हणजे सव्वाआठ इंच. भागाकार करा: इंचाला जेमतेम १३० पिक्सेल. हातात धरून बघायच्या छपाईला इंचाला ३०० लागतात, म्हणजे ए-फोरसाठी २४८० बाय ३५०८. आता चकव्याकडे या. त्याची अंगभर लव मी ०.२ मिलिमीटरच्या पेनाने काढलेली आहे, एकेक केस सुटा. इंचाला १३० पिक्सेल म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.२ मिलिमीटरचा. एका केसाला एक पिक्सेल! तिरका केस असला की त्याची पायरी होते, दोन केस जवळ असले की चिकटतात. त्यात फाइल लहान करणाऱ्या जेपेगची दाबादाबी. बारीक रेषांच्या कडेला ती मळकट डाग पाडते. मोबाइलवर हे काही दिसत नाही, कारण तिथे चित्र चार बोटं रुंद असतं. कागदावर आलं की चकव्याच्या अंगावर लव नसते, गोधडी असते.

बरं, समजा मी तुम्हाला मूळ फाइलच दिली. झेरॉक्सच्या दुकानातलं रंगीत यंत्र बहुधा लेझरचं. त्यात शाई नसते, टोनरची पूड असते. ती कागदावर बसते आणि तापलेल्या रुळाखाली वितळून चिकटते. कागदात मुरत नाही, वर राहते. म्हणून गडद भाग चकाकतो आणि घडी पडली की तिथला रंग खवलासारखा सुटतो. चार रंगांच्या ठिपक्यांतून सगळे रंग करायचे असल्यामुळे जलरंगाचा हलका हात, म्हणजे गडदाकडून शून्याकडे जाणारी छटा, पट्ट्यापट्ट्यांत तुटते. ‘जाड कागद घाला की’ असं म्हणाल. घाला. सुती, खरखरीत कागदाच्या खळग्यांत टोनर नीट पोहोचत नाही आणि सगळ्या चित्रावर पांढरी पुटकुळी उठते. झेरॉक्सवाल्याचा यात काही दोष नाही. त्याचं यंत्र हॉल तिकीट आणि आधार कार्ड काढायला आहे आणि ते काम ते चोख करतं.

दुकानातला नेहमीचा कागद चौरस मीटरला ७५-८० ग्रॅमचा. मी वापरते तो ३०८ ग्रॅमचा, शंभर टक्के सुती. फरक नुसत्या जाडीचा नाही. स्वस्त पांढऱ्याशुभ्र कागदात शुभ्रता आणणारी रसायनं असतात. उजेडात त्यांचा जोर ओसरला की कागद खऱ्या रंगावर येतो, म्हणजे पिवळट होतो. माझ्या कागदात ती नाहीत, म्हणून तो पहिल्या दिवसापासून किंचित साईच्या रंगाचा आहे. (एका गिऱ्हाइकाने ‘जुना कागद पाठवला’ म्हणून तक्रार केली होती. तो जुना नव्हता.) शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची, दहा-बारा रंगांच्या यंत्रावरची. ती मुरते आणि चमकत नाही.

छपाईच्या आधी स्कॅन. मूळ चित्र ३०० ग्रॅमच्या जलरंगी कागदावर असतं आणि त्या कागदाला दाणा असतो. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, त्यामुळे प्रत्येक दाण्याची सावली फाइलमध्ये येते आणि मोकळं आकाश खरजेसारखं दिसतं. उपाय असा: चित्र ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी, एकदा स्कॅन करायचं, मग १८० अंशांत फिरवून पुन्हा, आणि दोन्ही फायली एकावर एक तंतोतंत बसवून त्यांची सरासरी काढायची. सावल्या विरुद्ध बाजूंच्या असल्यामुळे बऱ्याचशा एकमेकींना खातात. अशी एकेक फाइल दोनशे एमबीच्या घरात जाते. दुसरं दुखणं फिकट रंगांचं. पार्श्वभूमी पांढरी करायला म्हणून उजळ टोक सरसकट वर ओढलं की कानातली फिकट गुलाबी छटा, धुक्याचा पिवळा, सगळं कागदासोबत धुऊन निघतं. ते भाग वेगळे झाकून ठेवावे लागतात. चकव्याच्या एका फाइलला सहा तास गेले.

मग रंग. चकव्याच्या कंदिलाचा हिरवा पडद्यावर उजेडाने झळाळतो. कागदाजवळ स्वतःचा उजेड नाही. चार रंगांच्या छपाईत तो हिरवा शेवाळाकडे जातो. जास्त शायांच्या यंत्रावर जवळ येतो, पण पडद्याइतका नाहीच. त्यासाठी आधी दोन इंच रुंदीच्या पट्ट्या छापून घ्यायच्या, दिवसभर सुकू द्यायच्या, कारण ओली शाई खोटं बोलते, आणि खिडकीशी दिवसाच्या उजेडात बघायच्या. ट्यूबलाइटखाली पसंत केलेला हिरवा सकाळी रडवतो. साधारण तीन पट्ट्या लागतात. त्यांचे पैसे छापणारा घेतो, आणि घ्यायलाच हवेत.

आता हिशेब, कारण तुम्हाला तोच हवा होता. एका प्रतीमागे छपाई १९० रुपये. पट्ट्यांचा वाटा २०. पारदर्शक पाकीट, पुठ्ठे, टेप, लिफाफा मिळून ४२. पैसे ऑनलाइन घेण्याचं शुल्क २ टक्के, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५. विसातली एक प्रत वाटेत दुमडते आणि फुकट बदलून द्यावी लागते, तिचा वाटा १८. बेरीज २८५. उरले ३६५. पन्नासच्या पन्नास विकल्या तर १८,२५०. त्यात चित्राचे २२ तास, स्कॅनचे ६, आणि दर प्रतीच्या पॅकिंगची २५ मिनिटं, म्हणजे पन्नासांचे जवळजवळ २१ तास. तासाला ३७२ रुपये पडले, तेही सगळ्या खपल्या तर, आणि रंग, कुंचले, वीज, कर अजून धरलेले नाहीत. आता सांगा, वीसचे साडेसहाशे कुणी केले?

पॅकिंगला २५ मिनिटं कशाला, असा पुढचा प्रश्न असेल, तर तोही उरकते. पुठ्ठे दोन लागतात आणि दोघांच्या पन्हळी एकमेकींना काटकोनात ठेवायच्या. एकाच दिशेने ठेवल्या तर पोस्टाच्या पिशवीत दोन्ही पुठ्ठे एकाच रेषेत मोडतात, आणि चित्रही. प्रत पुठ्ठ्याला कधीही टेपने चिकटवायची नाही. कागदाचेच चार त्रिकोणी कोपरे करून त्यांत खोचायची. छापल्यावर किमान २४ तास मोकळी सुकवायची. नाहीतर पाकिटात वाफ धरते आणि फ्रेम केल्यावर काचेला आतून धूसर थर येतो. जून ते सप्टेंबर वेगळंच प्रकरण. सुती कागद हवेतलं पाणी पितो, कडा वळतात, आणि बंद कपाटात महिनाभर राहिला तर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात, जे निघत नाहीत. म्हणून घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि लिफाफ्याला बाहेरून दुसरं प्लास्टिक. गुंडाळी करून नळीत पाठवणं सोपं आणि स्वस्त आहे. मी करत नाही. ३०८ ग्रॅमचा कागद एकदा गुंडाळला की सरळ व्हायला आठवडा घेतो, आणि घाई करून उलटा गुंडाळला की शाईला बारीक तडे जातात.

एवढं वाचूनही तुम्ही झेरॉक्सवाल्याकडे जाणार असाल तर जा. घरात लावायला एक कागद काढलात म्हणून मी कुणाला काही बोलणार नाही. पण त्याने गठ्ठा काढून विकायला ठेवला की १९५७चा प्रताधिकार कायदा लागू होतो. चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं हक्क चित्रकाराकडे आणि वारसांकडे असतो. चकवा ही कल्पना कुणाच्या मालकीची नाही, कोकणातल्या कुठल्याही आजीकडे ती आहे. हातात उलटा नकाशा धरून स्वतःच वाट चुकलेला, कंदीलवाला, केसाळ चकवा मात्र माझा आहे.

बाकीचे मुद्दे थोडक्यात, कारण त्यांत फारसं काही नाही.

कार्टून्स करून पैसे कमावणं: हडळीला उलट्या पायांच्या चपला मिळत नाहीत, हे चित्र टिंगल आहे असं वाटत असेल तर तुम्ही ते पुन्हा बघा. जिथे पूजा आहे तिथे मी हात घालत नाही. वेताळ या मालिकेत नाही, तो याच कारणाने. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, लोक श्रद्धेने चपला आणि केळी वाहतात, गोव्यातही त्याची देवळं आहेत.  एवढा विचार मी केलेला आहे. तो तुम्ही केला होता का?

कॉम्प्युटर मिनिटात काढतो: काढू दे की. त्याच्याकडूनच घ्या.

मर्यादित आवृत्ती: ए-फोर प्रती पन्नासच आहेत. प्रत्येकीच्या खाली डावीकडे पेन्सिलीने क्रमांक, १७/५० असा, आणि उजवीकडे सही. पेन्सिल अशासाठी की सुती कागदात पेनाची शाई फुटते. एक्कावन्नावी निघणार नाही. पोस्टकार्ड आकाराने वेगळं, कागदाने वेगळं, म्हणजे वस्तूच वेगळी. ज्याला समजायचं त्याला हे समजतं, यावर अजून काय लिहायचं?

टपालखर्चाची ओळ मूळ लेखात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. क्रमांकित चकव्याच्या अकरा प्रती उरल्या आहेत. ज्यांना साडेसहाशे जास्त वाटतात त्यांच्यासाठी आठ पोस्टकार्डांचा संच २४० रुपयांना आहे. पहिली छपाई संपली होती, आता पुन्हा छापून आला आहे. त्यात चकवाही आहे.