नानांचा अंगठा आणि सुरतचा नंबर

परवा संध्याकाळी अमळनेरच्या आमच्या कट्ट्यावर बापू येऊन बसला, तो चहालाही हात लावेना. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेत गेला होता. तिथं सिबिल, म्हणजे नावावरच्या कर्जांचा अहवाल, काढलं, तर त्याच्या नावावर कुठल्याशा अ‍ॅपवरून घेतलेलं थकीत कर्ज निघालं. बापू आजही बटणांचा फोन वापरतो.

"मन्हा नाववर कर्ज कोनी लिधं भो?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

नाना म्हणाले, "म्हणून मी सांगतो, आधारची झेरॉक्स कुणाला द्यायचीच नाही."

आबा उसळला. "पीकविमा, सिमकार्ड, पोरांचं कॉलेज, एक तरी काम झेरॉक्सशिवाय होतं का, नाना? देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला दिलं गेलं. तेव्हापासून आपण झेरॉक्स वाटतच आलोय."

मला आबाचं पटलं. झेरॉक्स द्यावी लागते, पण कशी द्यायची हे आपल्या हातात आहे. फक्त शेवटचे 4 आकडे दिसणारं मास्क्ड आधार मिळतं. चालेल तिथं तेच द्यावं. नाहीतर झेरॉक्सवर आडवं लिहावं, कशासाठी दिली आणि कधी. त्या कागदावर मग दुसरं काम करणं अवघड जातं.

खरी जुंपली ती अंगठ्यावरून. नानांचं म्हणणं, "मी ओटीपी कुणाला सांगत नाही, माझे पैसे कसे जातील?" अहो, गावातल्या केंद्रावर अंगठा लावून पैसे काढतो तेव्हा ओटीपी लागतो का? पिन लागतो? आधार नंबर, बँकेचं नाव आणि ठसा, एवढ्यावर एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत निघतात. आणि आपला ठसा तर प्रत्येक खरेदीखतावर आहे. 2018 मध्ये तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरून ठसे उचलून, त्यांचे रबरी अंगठे करून सिमकार्डं चालू केल्याचं पोलिसांनी उघडकीला आणलं होतं.

"मग आधारचं बायोमेट्रिक लॉक करा सगळ्यांनी, म्हणजे उघडेपर्यंत अंगठा चालणारच नाही," मी म्हणालो.

"आणि माझ्या आईचं काय?" नाना म्हणाले. "तिचे निराधारचे पैसे अंगठ्यावर, रेशन अंगठ्यावर. दर वेळी तिला लॉक कोण उघडून देणार?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. मार्ग आबानं काढला: म्हातारीचं अंगठ्याचं खातं वेगळं आणि त्यात थोडेच पैसे, कापसाचा पैसा दुसऱ्या खात्यात, आणि तिथली अंगठ्यानं पैसे काढायची सोय बँकेत अर्ज देऊन बंद करायची. आपण फोन वापरणाऱ्यांनी मात्र आजच लॉक करावं, यावर मी अजूनही ठाम आहे.

बापूला तिथंच संचार साथीवर बसवला, आपल्या नावावर किती सिम आहेत ते दाखवणाऱ्या सरकारी साइटवर. त्याचा एकच नंबर, पण त्याच्या नावावर दोन सिम निघाली. दुसरं 'माझं नाही' म्हणून कळवलं. सायबर गुन्ह्याची तक्रार, त्या कर्जाबद्दल सिबिल कंपनीकडे हरकत, दोन्ही उद्या करायचं ठरलं. खात्यातून पैसे गेले असते तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर 1930 लावला असता. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद. पण बापूला कैदेपेक्षा ट्रॅक्टरची काळजी, आणि ती खरीच आहे. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो आधी बघितला असता तर हे पेरणीच्या तोंडावर कळलं नसतं.

शेवटी नानांनी स्वतःचं आधार लॉक करायला फोन काढला. ओटीपी येईना. आधारला नंबर जोडलेला होता तो सुरतच्या मुलाचा, आणि मुलगा पाळीवर. नानांनी फोन खिशात ठेवला आणि आबाला विचारलं, "आधार केंद्र सकाळी किती वाजता उघडतं रे?"