‘प्रेसनोट चिकटवली की झाली बातमी’ म्हणणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून नव्याने उगवतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. शहरातले टॅब्लॉइड (अर्ध्या आकाराचे पेपर) आणि शहर पुरवण्या पोलिसांची प्रेसनोट चिकटवून भरतात. रात्रीचा अपघात सकाळी छापत नाहीत, कारण मंडळी झोपलेली असतात किंवा बातमी दाबलेली असते. आरोपीचं नाव नसेल तर पाकीट पोचलेलं असतं. डेस्कवाले, म्हणजे बातम्या तपासून पानं लावणारे उपसंपादक, नुसते ऱ्हस्व-दीर्घ बघतात, ते आता एआय बघेल. आणि वर्तमानपत्राविरुद्ध दाद कुठेच मागता येत नाही. यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे, बाकीचे टिकत नाहीत.

अर्धा खरा आहे तो प्रेसनोटचा. नोट रोज येते आणि वापरली जाते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिचा साचा ठरलेला असतो: ‘खास बातमीदारामार्फत मिळालेल्या माहितीवरून सापळा रचून सदर इसमास शिताफीने ताब्यात घेतले’, मग जप्त दुचाकी इतक्या, मुद्देमाल इतक्या लाखांचा, आणि शेवटी ज्यांच्या मार्गदर्शनाखाली कारवाई झाली त्या सगळ्या वरिष्ठांची लांबलचक यादी. ती यादी डेस्कवर सगळ्यात आधी उडते.

नोटेतला ‘बातमीदार’ म्हणजे पोलिसांचा खबऱ्या; पेपरच्या बातमीदाराचं काम नोट वाचून झाल्यावर सुरू होतं. गुन्हा नोंदला कधी आणि अटक कधी? समजा अकरा दुचाकी मिळाल्या, तर त्यातल्या कितींच्या चोरीचे गुन्हे दाखल आहेत आणि कोणत्या ठाण्यात? सातच असतील तर उरलेल्या चार मालकांनी तक्रार दिली नव्हती की ठाण्यातून परत पाठवलं होतं? बऱ्याचदा खरी बातमी त्या चार गाड्यांत असते. आरोपीला कोर्टात उभं केलं का, कोठडी किती दिवसांची? ऑनलाइन फसवणुकीत तर गेलेली रक्कम, बँकेत गोठवलेली रक्कम आणि तक्रारदाराच्या हातात परत आलेली रक्कम हे तीन वेगळे आकडे असतात. नोटेत कौतुकाला सोयीचा तेवढा एकच असतो.

नोटेत नसलेले गुन्हेही शोधता येतात. एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत. ठाणं आणि तारीख टाकून यादी चाळायची, नोट न निघालेला गुन्हा दिसला की ठाण्यात फोन करायचा. हा क्राइम बीटचा रोजचा, कंटाळवाणा भाग आहे. त्यात पुण्याची अडचण वेगळी: १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय स्वतंत्र झालं, ग्रामीण पोलिसांचे अधीक्षक तिसरे. हिंजवडीच्या घटनेत ‘पुणे शहर पोलिसांनी’ असं लिहिलं की चूक झालीच.

मग अर्धं खरं काय? आतल्या पानांवरचे सत्कार, शिबिरं, संस्थांचे वर्धापनदिन, गृहप्रकल्पांचे भूमिपूजन. हा मजकूर पुष्कळदा आला तसाच जातो, विशेषतः सुटीच्या दिवशी दोन माणसांवर चार पानं असतात तेव्हा. तिथे टीका रास्त आहे.

आता रात्रीचा अपघात. सकाळच्या टॅब्लॉइडची आतली पानं साधारण रात्री आठ-नऊपर्यंत सुटतात (छपाईला जातात), शहराची पानं अकरा-साडेअकराला आणि पहिलं पान बारा-साडेबारा, फार ताणलं तर एकपर्यंत. त्याआधी बारामती-इंदापूरकडे जाणारी डाक आवृत्ती निघालेली असते, म्हणून एकाच पेपरच्या दोन गावांतल्या प्रतींत फरक दिसतो. नंतर प्लेट (पान उमटवलेला छपाईचा पत्रा), छपाई, गठ्ठे, टेम्पो. विक्रेत्यांना माल पहाटे चारच्या आसपास हवा. तो चुकला की वाटप चुकतं आणि दुसऱ्या दिवशी वितरण विभाग संपादकांच्या केबिनमध्ये असतो. दुपारच्या पेपरचं घड्याळ उलटं: बातमीदार सकाळी सहा-सातला कामाला लागतो आणि पान दुपारच्या आत सोडतो.

छपाई सुरू झाल्यावर पान बदलता येतं, पण महागात पडतं. रंगीत पानाच्या प्लेट चार, प्रत्येक शाईची एक. मशीन थांबवायचं, प्लेट बदलायच्या, आणि रंग पुन्हा जुळेपर्यंतच्या प्रती रद्दीत टाकायच्या. टॅब्लॉइडमध्ये आणखी एक फास आहे. त्याची दोन पानं एका प्लेटवर शेजारी बसतात, म्हणून २४ पानी अंकात पहिलं पान आणि चोविसावं पान एकत्र जातं. शेवटचं पान खेळाचं असतं. आयपीएलचा साडेसातला सुरू झालेला सामना साडेअकराच्या पुढे रेंगाळला की पहिलं पान तयार असूनही अडकून बसतं. वाचकाला हे कधीच दिसत नाही.

कल्याणीनगरचा पोर्श अपघात झाला १९ मे २०२४ ला, रविवारी पहाटे अडीचच्या सुमारास. त्या रविवारच्या छापील अंकात तो येणं शक्यच नव्हतं. तोवर अंक मशीनवर होते. त्यात दाबादाबी शोधणाऱ्याने आधी घड्याळ पाहावं.

त्याच प्रकरणात ‘पोराचं नाव का छापत नाहीत’ हा प्रश्न फिरला. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार अल्पवयीनाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वडील पुढे स्वतः आरोपी म्हणून अटकेत गेले, त्यांचं नाव छापून आलं आणि व्हायचा तो पेच झाला. मुलगा कोण, हे सगळ्या शहराला कळलं, तरी त्याचं नाव छापण्याची मुभा कायद्याने दिली नाही.

लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लागतं, मूल असेल तर पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३. पोक्सोत शाळा, शेजार, कुटुंबाचा तपशील हे सगळं येतं. म्हणून आरोपी सख्खा बाप किंवा मामा असेल तर त्याचंही नाव गाळावं लागतं, नाहीतर मुलगी लगेच ओळखू येते. वाचकाला वाटतं, नराधमाला वाचवलं. मात्र गुन्हा दाखल आहे, आरोपी सज्ञान आहे, पीडितेच्या ओळखीचा प्रश्न नाही, आणि तरी छापून येतं ‘एका नामांकित बांधकाम व्यावसायिकाने’, तर संशय जरूर घ्या. जाहिरात विभाग त्याच इमारतीत बसतो.

डेस्कबद्दलचा गैरसमज सगळ्यात मोठा आहे. बातमीत नुसतं ‘वडगाव’ आलं तर उपसंपादक विचारतो: बुद्रुक, शेरी की मावळ? एक सिंहगड रस्त्याला, एक नगर रस्त्याच्या बाजूला, तिसरं पार मावळ तालुक्यात. मृतांची बेरीज इंट्रोत (पहिल्या परिच्छेदात) तीन आणि खाली नावं दोन, हे तोच पकडतो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं तशा दिवशी खडकवासला धरणाच्या विसर्गाचा क्युसेकचा आकडा तासातासाला बदलतो. मथळ्यात, चौकटीत आणि फोटोओळीत तो एकच आहे ना, आणि किती वाजताचा आहे, हे कोणीतरी बघावं लागतं. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. आरोप झालेल्याचा खुलासा शेवटच्या परिच्छेदात असेल तर नेमका तोच उडतो. म्हणून जाणता उपसंपादक तो उचलून दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात ठेवतो.

भडक मथळाही बातमीदाराचा नसतो, डेस्कचा असतो. टॅब्लॉइडच्या पहिल्या पानावर मोठ्या टायपात तीन-चार शब्द बसतात आणि त्यात ‘संशयित’, ‘आरोप’ हे शब्द आधी बळी पडतात. दुसऱ्या दिवशी शिव्या आणि वकिलाची नोटीस बातमीदाराच्या नावाने.

एआय नोटेची भाषा सोपी करेल, ते ठीक. पण चार गाड्यांचे गुन्हे नाहीत, हे नोटेतच नसेल तर ते कुठून आणणार? इंग्रजी कागदातल्या ‘एस. काळे’चा ‘काले’ झाला, तर ठाण्यात फोन करून विचारण्यावाचून इलाज नाही. आणि काही ठिकाणी पानं अजून श्रीलिपीच्या, युनिकोडआधीच्या जुन्या फाँटमध्ये लागतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो, मोबाइलवरून एक येतो, मजकूर जुन्या फाँटमध्ये नेणाऱ्या कन्व्हर्टरला दुसरा हवा असतो, आणि पानावर तिथे चौकोन उमटतो. रात्री बाराला ते चौकोन माणूसच वेचतो.

राहिली दाद. प्रत्येक अंकात, बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव असतं. तारीख, आवृत्ती, पान क्रमांक, चुकीचं वाक्य आणि त्याविरुद्धचा कागद जोडून आधी संपादकाला लेखी कळवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार करता येते. दैनिकासाठी मुदत छापून आल्यापासून दोन महिने. संपादकाला पाठवलेल्या पत्राची प्रत सोबत लागते, आणि मूळ अंकाचं कात्रणही. ग्रुपवर फिरणारा पानाचा फोटो शक्यतो देऊ नका. त्यावरून आवृत्ती कोणती ते कळत नाही.