आगबोटी वाचवू इच्छिणाऱ्या खानदेशवासीयांस काही सूचना

आपण जळगाव-धुळ्याकडे राहत असाल आणि मुंबई बंदरातल्या जुन्या आगबोटींसाठी आपला जीव तुटत असेल, तर समुद्र लांब असल्याची खंत करू नये. किनाऱ्यावरच्या माणसाला खारी हवा लोखंडाचे काय करते हे रोज दिसत असल्याने त्याचा उत्साह लवकर मावळतो. आपल्याकडे गंजतो तो फार तर माळ्यावरचा कूलर.

आगबोटीत कधी पाऊल ठेवले नसले तरी आठवणी खुशाल सांगाव्यात. भाऊचा धक्का, भोंगा, काळा धूर आणि डेकवर पथारी पसरलेले चाकरमानी एवढे भांडवल पुरते. कोकणातल्या कित्येक बंदरांत आगबोट धक्क्याला लागतच नसे आणि ट्रंका, पोरेबाळे सावरत उतारूंना हेलकावणाऱ्या पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरावे लागे, ही गोष्ट मौज म्हणून सांगावी. जुलै १९४७ मध्ये रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, तो विषय मात्र टाळावा. त्याने सभेतला चहा गार होतो.

मग समिती नेमावी. तीत डॉक्टर, वकील, केळीचे व्यापारी अवश्य असावेत; भुसावळचा निवृत्त बॉयलर फिटर चुकूनही घेऊ नये. तो पहिल्याच बैठकीत विचारील की नळ्या किती झिजल्या आहेत आणि दाबाची चाचणी शेवटची कधी झाली. थंड बॉयलर कित्येक तास हळूहळू तापवावा लागतो, घाई केल्यास लोखंड सगळीकडे सारखे प्रसरण पावत नाही आणि सांधे गळू लागतात, तेव्हा पहाटे उठून हे करणार कोण, असेही तो सर्वांसमोर म्हणेल. बोटीचा तळ खरवडून रंगवण्यासाठी तिला ठरावीक काळाने सुक्या गोदीत न्यावे लागते, हे तर अध्यक्षांच्या भाषणाच्या ऐन मध्यावर सांगेल.

परदेशी उदाहरणे जपून द्यावीत. स्कॉटलंडची ‘वेव्हर्ली’ ही बाजूच्या चाकांनी पाणी ढकलत चालणारी आगबोट १९७४ मध्ये हौशी मंडळींना एका पौंडाला मिळाली, इथेच थांबावे. पुढे ती चालती ठेवण्यासाठी बॉयलर एकदा नव्हे, अनेकदा बदलावे लागले, हे ऐकले की वर्गणीदार दाराकडे पाहू लागतात. त्यापेक्षा आपली रीत सुटसुटीत आहे. ‘विक्रांत’ ही वाफेवर चालणारी विमानवाहू नौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती, २०१४ मध्ये ती भंगारात निघाली आणि तिच्या पोलादाचा अंश मोटारसायकलींतून गावोगाव पोचला. वारसा घरोघरी नेण्याचा याहून स्वस्त मार्ग कोणत्या देशाला सुचला आहे?

समितीत कोणी आपल्याच पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेगाडीचे नाव काढील. त्याला प्रेमाने खाली बसवावे. ती २०२० मध्ये बंद पडली असल्याने तिच्याविषयी गहिवर दाटून यायला अजून बराच अवकाश आहे.