कार्मेन मिरांडाच्या डोक्यावर फळं ठेवली कुणी?

केळ्यांच्या भल्यामोठ्या टोपीतल्या कार्मेन मिरांडा या गायिका-अभिनेत्रीची एक क्लिप अधूनमधून फिरत असते. सोबतच्या मजकुराचा सारांश असा: ही १९४७च्या ‘कोपाकबाना’ सिनेमातली ब्राझीलची भोळी मुलगी. हॉलिवूडनं तिच्या डोक्यावर फळं ठेवली, मोडकं इंग्रजी बोलायला लावून तिचं हसं केलं, तिला हातातलं बाहुलं बनवलं आणि या सिनेमानंतर तिला फेकून दिलं. आणि जाता जाता, जिथे सगळं जग एका छताखाली नाचायचं त्या ‘कोपाकबाना’ नावाच्या नाइटक्लबच्या सोनेरी दिवसांबद्दल एक उसासा.

आधी क्लिपचं बघू. तिच्यात पिवळाधमक रंग आहे, आणि ‘कोपाकबाना’ चित्रित झाला तो कृष्णधवल. महाकाय केळी नाचवणाऱ्या मुलींचं ते गाणं १९४३च्या ‘द गँग्ज ऑल हिअर’मधलं, बस्बी बर्कलीच्या दिग्दर्शनातलं. सिनेमा दुसरा, स्टुडिओ दुसरा, वर्षही दुसरं. एवढं तपासायला दोन मिनिटं लागली असती.

फळांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. कार्मेनचा जन्म १९०९चा, पोर्तुगालमधला. तान्ही असतानाच ती रिओला आली. तरुणपणी टोप्यांच्या दुकानात काम करताना टोप्या बनवायचं कसब तिच्या हाती आलं. १९३०मध्ये ‘ताई’ हे गाणं (मराठीतल्या ताईशी संबंध नाही!) तुफान गाजलं आणि पुढची नऊ वर्षं ती ब्राझीलची आघाडीची गायिका होती. ब्राझीलमधल्या बाइया प्रांतातल्या फेरीवाल्या बायकांचा तो घेरदार, माळांनी लगडलेला वेश आणि फळांच्या टोपलीचा फेटा तिनं ‘बनाना-दा-तेर्रा’ या ब्राझिलियन सिनेमात घातला. सिनेमा १९३९च्या सुरुवातीचा, गाणं दोरिव्हाल काइमीचं. त्याच वेशात ती रिओच्या उर्का कॅसिनोत गायची आणि तिथेच ब्रॉडवेचा (न्यूयॉर्कच्या नाट्यसृष्टीचा) निर्माता ली शुबर्ट यानं तिला पाहिलं. म्हणजे हॉलिवूडनं जे विकत घेतलं ते आधीच बनून तयार होतं. त्यांनी टोपी उंच केली, रंग भडक केले. कल्पना मात्र तिची.

या वेशावर रास्त आक्षेप घेता येतो, पण तो वेगळा आहे. डोक्यावर टोपली घेऊन विक्री करणाऱ्या त्या बाइयाच्या बायका काळ्या होत्या, आणि त्यांचं रूप एका गोऱ्या गायिकेच्या अंगावर आल्यावरच ते ‘ब्राझील’ म्हणून जगभर चाललं. हा प्रश्न ब्राझीललाही विचारावा लागतो. सगळा दोष हॉलिवूडवर ढकलला की तो विचारायचा राहूनच जातो.

आणि हॉलिवूडच्या हातातलं बाहुलं? अमेरिकेला जायचं तर माझा ‘बांदो दा लुआ’ हा वाद्यवृंद सोबत हवाच, असं तिनं शुबर्टला ठणकावलं आणि ते मिळवलं. १९४५मध्ये तिची कमाई २ लाख डॉलरच्या वर गेली. अमेरिकेत सर्वाधिक कमावणारी स्त्री म्हणून तिचं नाव त्या वर्षी झळकलं. १९४०मध्ये मायदेशी परतल्यावर उर्का कॅसिनोतल्या उच्चभ्रू प्रेक्षकांनी तिचं थंड स्वागत केलं, तेव्हा ‘म्हणे मी अमेरिकन होऊन आले’ अशा अर्थाचं गाणंच ध्वनिमुद्रित करून तिनं उत्तर दिलं.

आता ‘कोपाकबाना’कडे. ‘मार्क्स ब्रदर्स’ या विनोदी चमूतला ग्राउचो मार्क्स इथे भावांशिवाय आहे, लायनल डेव्हरो नावाचा फाटका एजंट. त्याच्याकडे कलाकार एकच, कार्मेन नव्हारो. क्लबच्या मालकाला आणखी कुणी हवं असतं, म्हणून डेव्हरो बुरख्यातली फ्रेंच गायिका ‘मादमोझेल फिफी’ पैदा करतो. दोघी एकच. एक खोली सोडून दुसरीत, कपडे बदलत, उच्चार बदलत तिची धावपळ चालते. फिफी हाताबाहेर जाते तेव्हा तिला ‘नाहीसं’ करतात, आणि खुनाचा संशय येतो एजंटवर! ज्या बाईला उच्चार नीट जमत नाहीत असं म्हणतात, ती इथे दोन वेगवेगळे परदेशी उच्चार आलटून पालटून वापरते आहे. तिचं इंग्रजी गमतीदार होतं ते कुठे किती मोडायचं हे तिला कळत होतं म्हणून. परदेशी बाईची छबी बनवून विकणं हाच या सिनेमातला विनोद आहे, आणि ग्राउचोही एका गाण्यात आपला जुना रंगवलेल्या मिशीचा अवतार धारण करून स्वतःचीच टर उडवतो. सिनेमा थोर नाही. पैसा कमी पडल्याचं दिसतं, सिनेमातला गायक अँडी रसेल गायला लागला की गती मरते. पण तिच्या वाट्याचे प्रसंग आजही हसवतात.

क्लबचं म्हणाल तर खरा कोपाकबाना न्यूयॉर्कमध्ये होता, ईस्ट ६०व्या रस्त्यावर. १९४०मध्ये सुरू झालेला. रिओच्या किनाऱ्याचं नाव, ब्राझिलियन सजावट, आणि पडद्यामागे माफियाचा फ्रँक कॉस्टेलो. सुरुवातीच्या काळात तिथे काळ्या ग्राहकांना टेबल मिळत नसे. पुढे प्रसिद्ध झालेला काळा गायक हॅरी बेलाफाँटे नौदलात असताना त्यालाही दारातूनच परत पाठवलं होतं. सगळं जग एका छताखाली वगैरे काही नव्हतं.

उरलं ते ‘फेकून दिलं’. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सशी करार संपवून ती स्वतंत्र झाल्यावरचा हा पहिला सिनेमा. पुढच्याच वर्षी ती एमजीएम स्टुडिओच्या ‘अ डेट विथ ज्युडी’त होती आणि लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहात कार्यक्रम करत होती, १९५०मध्ये ‘नॅन्सी गोज टू रिओ’, १९५३मध्ये डीन मार्टिन–जेरी लुईस या विनोदी जोडीबरोबर ‘स्केअर्ड स्टिफ’. भूमिका लहान होत गेल्या, तब्येतही खालावली. पण ऑगस्ट १९५५मध्ये ती गेली, त्याच्या काही तास आधी ती विनोदी कलाकार जिमी ड्युरांटीच्या टीव्ही कार्यक्रमाचं चित्रीकरण करत होती.